पल्सरची बॉडी, इम्पल्सचं तोंड, राजदूतची टाकी: जवळजवळ वर्षभर वापरल्यानंतर

तीन गाड्यांचे पार्ट जोडून बांधलेली ही गाडी मृगात रस्त्यावर आली आणि आता रोहिण्या लागायला आल्यात, म्हणजे चिखल, थंडी, परभणीचं ऊन सगळं तिनं बघितलंय, म्हणून आता लिहितो. नवी गाडी बांधली की आठ दिवसांत फोटो टाकणारे लई आहेत, पण जोडून केलेली गाडी खरी कशी आहे ते एक पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही.

बेस 2005 ची पल्सर 150, एमएच 22 पासिंग. इंजिन आणि फ्रेम तिचीच, फ्रेमला कटर लावला नाही. पुढचं सगळं हिरो इम्पल्सचं: टी (फोर्क धरून ठेवणारा भाग), फोर्क म्हणजे पुढचे शॉकॲब्सॉर्बर, 19 इंची स्पोकचं चाक, डिस्क, कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा), हँडल, स्विच. टाकी घरच्या जुन्या राजदूतची, सीट गावात शिवून घेतली.

हे सगळं कशासाठी तर काळ्या मातीसाठी. आमचा पांदण रस्ता पावसाळ्यात ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, टायर आणि मडगार्डच्या मधी माती अशी गच्च भरती की चाक फिरायचंच बंद होतं, मग काडीनं कोरत बसा आणि दहा फुटावर परत तेच. इम्पल्सचं मडगार्ड वर, टायरपासून चांगलं लांब, त्यामुळं माती भरली तरी चाक सुटं राहतं. फोर्कची उडी, म्हणजे वर-खाली दबायची जागा, पण मोठी. सोयाबीन काढणीपर्यंत रोज शेतात जाऊन आलो, पुढचं चाक एकदाही जाम झालं नाही, आणि माझ्यासाठी एवढ्या एका गोष्टीवर खर्च वसूल आहे.

पुढचा सेट घेताना तुकड्यातुकड्यानं घेऊ नका, पूर्ण एकाच गाडीचा घ्या. मास्टर सिलिंडर (हँडलवरचा ब्रेकचा पंप) एका गाडीचा आणि कॅलिपर दुसऱ्याचा केला की पिस्टनच्या मापाचा मेळ बसत नाही, एकतर लिव्हर दगडासारखा लागतो नाहीतर हँडलला टेकेपर्यंत दबतो. आधी एका ठिकाणी फोर्क बघितला होता, वरून चकाचक, पण पाइप काचेवर ठेवून फिरवला तर मधून उजेड दिसायला लागला, म्हणजे वाकलेला. सरळ परत दिला. आणि भंगारातून काही घेतलं तर पावती घ्याच, चोरीच्या गाडीचा पार्ट निघाला तर डोक्याला ताप.

इम्पल्सचा टी आमच्या पल्सरच्या मानेत, म्हणजे हँडल फिरतं त्या फ्रेमच्या नळीत, सरळ बसला नाही. लेथवाल्या चाचांनी स्टेम (टीचा मधला दांडा) प्रेस करून बदलला आणि एक बुश काढून दिला, हे काम स्वस्तात कुठंही करू नका, कारण हँडल सगळं त्याच्यावर उभं आहे. तोंड वर गेल्यामुळं फोर्क जरा तिरपा झाला, त्यामुळं हायवेला गाडी एकदम सरळ चालती, पण बाजारात हळू चालवताना हँडल एका बाजूला पडतंय असं वाटतं. सवय झाली, तरी घरच्या दुसऱ्या माणसाला चालवायला देताना सांगावं लागतं.

चाकं एका रेषेत आहेत का हे दोरी लावून बघा. मागच्या टायरला दोरा बांधायचा, दोन्ही बाजूंनी पुढं ताणायचा आणि पुढच्या टायरपासून अंतर मोजायचं. आमच्यात एका बाजूला बोटभर फरक निघाला, स्पेसर घासून बरोबर केला, तेव्हा कुठं हात सोडला तरी गाडी एका बाजूला ओढायची थांबली.

स्पेअरचं सगळे विचारतात, इम्पल्स तर बंद झाली, आता काय करणार. अहो, दुकानात गाडीचं नाव सांगायचंच नाही, माप सांगायचं. बेअरिंगवर नंबर असतो, 6301 म्हणजे आतून 12, बाहेरून 37, जाडी 12 मिलीमीटर, गाडी कोणती का असंना. ऑइल सीलवर पण तिन्ही मापं छापलेली असतात. पुढचा टायर 90/90-19, तो 2021 च्या आधीच्या क्लासिक 350 ला पुढं यायचा, त्यामुळं जिथं बुलेटचं काम चालतं तिथं मिळतो. मागं पल्सरचाच 100/90-17. एका वहीत प्रत्येक पार्टचं माप लिहून ठेवलंय आणि तीच वही या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल आहे.

वायरिंग मात्र ओळखीच्या आणि शांत डोक्याच्या माणसाकडंच द्या. बजाजमध्ये अर्थची वायर काळी-पिवळी, आणि इम्पल्ससारख्या होंडा पद्धतीच्या गाड्यांत अर्थ हिरवी, काळी वायर चावी ऑन केली की करंटची. रंगाला रंग बघून काळ्याला काळी जोडली की फ्यूज गेलाच. टेस्टर लावून एकेक वायर तपासली, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. फ्रेमवर अर्थ लावताना खालचा रंग खरवडून काढा, नाहीतर पाऊस पडला की इंडिकेटर मंद होतात.

टाकी आवडीची आहे पण त्रास तिनंच दिला. जुन्या पत्र्याला आतून गंज, आणि आताच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीखालच्या पेट्रोल कॉकचं जुनं रबर फुगलं, पाइप कडक होऊन चिरला, कार्बोरेटरमध्ये तांबडा गाळ आला. टाकी आतून साफ करून कोटिंग केलं, पाइप आणि रबर इथेनॉलला चालणारं टाकलं, फिल्टर लावला, मग बंद झालं. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर पेट्रोल काढून ठेवतो.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या माहितीत फरक पडेल असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये हेच सांगितलंय, आणि 182अ खाली एकेका बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. म्हणून दुसरं इंजिन टाकायचा विचार मी कधीच केला नाही, कितीही जण म्हणाले तरी. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी गाडी परत पासिंगला न्यावी लागते, विम्याचा पण प्रश्न येतो, तेव्हा काम काढायच्या आधी आरटीओत आणि विमावाल्याकडं जाऊन विचारा, आणि मूळचे पार्ट विकू नका.

ॲव्हरेज चाळीसच्या आसपास पडतंय, पल्सरचं मूळ यापेक्षा बरं होतं. साठ-पासष्टला इंजिन निवांत असतं, जिंतूर रोडला त्याच्या वर नेत नाही. हेडलाइट झाडाच्या शेंड्यावर पडत होता, ब्रॅकेटला लांबट भोक पाडून खाली घेतला. साइड स्टँड आखूड पडतोय आणि मऊ रानात रुततोय, त्याला खाली पत्र्याची चकती वेल्डिंग केली तरी गाडी जास्तच कलती, तेवढा स्टँड या पावसाळ्याच्या आत लांब करून घ्यायचाय.