व्हिएतनामचा ई-व्हिसा: घरच्या सगळ्यांचे फॉर्म भरून झाल्यावरचा अनुभव

व्हिएतनामचा व्हिसा स्वतः काढावा की एजंटकडे द्यावा हे इतके जण विचारतात की आता एकदाच सविस्तर लिहून टाकते. गेले बरेच महिने आमच्याकडे ज्याला ज्याला तिकडे जायचंय त्याचा फॉर्म माझ्याकडे येतो, आधी आम्ही दोघं गेलो, मग आईबाबा, मग सासूबाई आणि त्यांचा भिशीचा ग्रुप, मग आतेभाऊ आणि त्याचे ऑफिसमधले मित्र. माझं मत पक्कं झालंय, हा फॉर्म घरी बसून भरता येतो आणि घरीच भरावा. फक्त नाव आणि तारीख या दोन ठिकाणी डोळ्यात तेल घालून बघायचं, बाकी सगळं किरकोळ आहे.

आधी पैशांचं सांगते. एकदाच आत जायचं असेल तर 25 डॉलर, आतबाहेर करायचं असेल म्हणजे मल्टिपल एंट्री, तर 50 डॉलर. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून हा व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, त्याआधी 30 दिवसांचाच असायचा. आणि गंमत म्हणजे आठ दिवसांना जा नाहीतर 90 दिवसांना, फी तीच, त्यामुळे मी कुणाचाही भरला तरी मुदत ऐसपैस मागते आणि सुरुवातीची तारीख विमानाच्या दोनचार दिवस आधीची टाकते. याचं कारण असं की व्हिसावर जी पहिली तारीख असते तिच्या आदल्या दिवशी तुम्हाला आत घेत नाहीत, आणि एअरलाईनने विमान एक दिवस अलीकडे आणलं तर सगळंच अडतं. फ्लाईट मध्यरात्रीच्या आसपास असेल तर मुंबईतून निघायची तारीख आणि तिकडे उतरायची तारीख यात माणसं हमखास गोंधळतात, तो प्रश्नही यात सुटतो.

आता साईट. सरकारी साईट इव्हिसा डॉट गव्ह डॉट व्हीएन ही आहे, शेवटी गव्ह डॉट व्हीएन दिसलंच पाहिजे. गूगलवर नुसतं व्हिएतनाम व्हिसा टाकलं की वर ज्या येतात त्यातल्या बऱ्याच खाजगी असतात, झेंडा लावलेला, शिक्का काढलेला, दिसायला अगदी सरकारी, आणि त्याच फॉर्मचे दुप्पट तिप्पट पैसे. वयस्कर माणसांना हे ओळखता येत नाही याचा मला खरंच त्रास होतो, कारण ही माणसं आयुष्यभराच्या बचतीतून एक ट्रिप करतात. तुमच्या घरात कुणी जात असेल तर निदान ही लिंक तरी तुम्ही स्वतः उघडून द्या.

फॉर्म एकच लांबलचक पान आहे. वर दोन फोटो चढवायचे, एक तुमचा चेहरा, चष्मा काढून, सरळ समोर बघत, आणि दुसरा पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा, ज्यावर खाली त्या दोन ओळी असतात बाणांसारख्या खुणांच्या. ते पान पूर्ण आलं पाहिजे, कोपरा कापला किंवा लॅमिनेशनवर ट्यूबलाईट चमकली तर ते दुरुस्तीला परत पाठवू शकतात. मी दिवसा खिडकीपाशी पासपोर्ट ठेवून काढते, फ्लॅश बंद.

नावाबद्दल जरा जास्त लिहिते कारण आपल्याकडे खरा घोळ इथेच होतो. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि गिव्हन नेमच्या ओळीत बऱ्याच जणांचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. व्हिएतनामच्या फॉर्मवरही आडनावाचा एक रकाना आणि बाकी नावाचा एक रकाना आहे, तर पासपोर्टच्या त्या ओळीत जे जे आहे ते सगळं जसंच्या तसं दुसऱ्या रकान्यात गेलं पाहिजे. सासूबाईंच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी आधीच ओळखीच्या एजंटकडे काम दिलं होतं, त्याने सरकारी फीवर बक्कळ पैसे घेतले ते एकवेळ ठीक, पण मधलं नावच गाळलं. व्हिसा आला, काकू खूश, आणि मी सहज पासपोर्टशेजारी ठेवून बघितला तर नवऱ्याचं नाव गायब. एकदा मंजूर झालेल्या व्हिसात आपल्याला काही खोडता येत नाही, नवा अर्ज, नवी फी. एजंट म्हणाला चालतं हो, कुणी बघत नाही. कुणी बघत नसेलही, पण पासष्टीच्या बाईने परक्या देशात काउंटरवर उभं राहून ते आजमावायचं का? आम्ही नवा काढला. लग्नानंतर पासपोर्ट न बदललेल्या बायकांनी तर आधारकार्डावर काय आहे ते विसरून जावं, पासपोर्ट आणि फक्त पासपोर्ट. तिकीटही त्याच नावावर काढा.

पुढे हॉटेलचा पत्ता लागतो, आणि तिथे एक नवी भानगड आहे. 1 जुलै 2025 पासून व्हिएतनामने आपले 63 प्रांत आणि मोठी शहरं मिळून 34 केली आणि जिल्ह्याची पायरीच काढून टाकली. त्यामुळे बुकिंगवर जुना पत्ता आणि फॉर्मच्या यादीत नवी नावं असं होतं. होई आन हे शहर आधी क्वांग नाम प्रांतात होतं, आता क्वांग नाम दा नांगमध्ये गेलंय, म्हणून होई आनचं हॉटेल असेल तरी प्रांत दा नांग निवडायचा. आईबाबांना ‘मी सोन’ नावाच्या ठिकाणचं शिवमंदिर बघायचं होतं, जुन्या चंपा राज्याच्या राजांचं, ते पण त्याच भागात (बाबा त्या विटांच्या बांधकामाबद्दल अजून बोलतात), तर त्यांच्या वेळी हे शोधण्यातच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. एंट्री गेट म्हणजे ज्या विमानतळावर पहिल्यांदा व्हिएतनाममध्ये उतरणार तो. हनोईला उतरून मग आतल्या विमानाने दा नांगला जाणार असाल तर हनोईचा विमानतळ ‘नोई बाई’ निवडा, दा नांग नाही.

पेमेंटला कार्ड लागतं, आणि त्यावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ते मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचे, काम झालं की परत बंद. पेमेंटच्या वेळी रजिस्ट्रेशन कोड मिळतो, तो लगेच कागदावर लिहा आणि फोटोही काढा, कारण पुढे स्टेटस बघायला कोड, ईमेल आणि जन्मतारीख लागते. साईट मला आवडत नाही हे पण सांगते, हळू आहे, कॅप्चा वाचवत नाही, मध्येच अडकते, सगळं परत टाइप करावं लागतं. म्हणून मी प्रत्येकाची माहिती आधी एका फाईलमध्ये लिहून ठेवते आणि नुसतं चिकटवते.

तीन कामाचे दिवस म्हणतात, शनिवार रविवार धरायचे नाहीत. आमचे बहुतेक आठवड्याच्या आत आले, एखादा रेंगाळला. टेटच्या म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सुमारास, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, कचेऱ्या बरेच दिवस बंद असतात, तसंच 30 एप्रिल, 1 मे आणि 2 सप्टेंबरला सुट्टी. मी तीन आठवडे हातात ठेवून भरते.

आतेभावाला मध्येच कंबोडियात अंगकोर बघून परत हो ची मिन्ह सिटीहून मुंबईचं विमान पकडायचं होतं. अशांनी 50 डॉलरचाच घ्यावा, सिंगलवर एकदा बाहेर पडलात की तो संपला, आणि कंबोडियाचा व्हिसा वेगळा. उलट कुणी थेट नुसतं व्हिएतनामच्या फू क्वोक बेटावरच जाऊन परत येणार असेल तर 30 दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही, मुख्य भूमीवर फिरायचं ठरलं तर मात्र लागतो.

व्हिसा पीडीएफमध्ये येतो. उघडल्या उघडल्या नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, दोन्ही तारखा आणि सिंगल की मल्टिपल हे पासपोर्ट शेजारी ठेवून वाचा, शक्यतो दुसऱ्या कुणालातरी वाचायला लावा. प्रिंट दोन काढा, एक पासपोर्टमध्ये आणि एक दुसऱ्या माणसाच्या पर्समध्ये. मुंबईला चेक-इनलाच कागद मागतात, फोनवरचा दाखवून काम झालेलं मी ऐकलंय पण आईबाबांना मी तसं पाठवणार नाही. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर आधी तो रिन्यू करून घ्या, कारण नव्या पासपोर्टचा नंबर वेगळा येतो आणि जुन्यावर काढलेला व्हिसा मग उपयोगाचा राहत नाही.