वडोदऱ्यातलं एक डायलिसिस सेंटर : आरओ रूम (पाणी शुद्ध करायची खोली) उघडून दाखवतात, म्हणून ५ पैकी ४

बाबांचं डायलिसिस सध्या ह्या सेंटरला चालू आहे, आठवड्यातून तीनदा, आणि दांडिया बाजारातल्या ओळखीच्या लोकांपैकी कोणी ना कोणी सारखं विचारतं की कसं आहे, म्हणून एकदा नीट लिहितेय. बाकी रिव्ह्यूंमध्ये स्टाफ छान, बेड स्वच्छ, टीव्ही आहे हे सगळं आलंय आणि ते खरंच आहे, पण पाण्याबद्दल एक ओळ कोणी लिहिलेली दिसली नाही, आणि माझ्या मते डायलिसिसला जागा निवडताना पहिलं तेच बघायला पाहिजे.

हिशोब करून बघा. मशीनमधून मिनिटाला साधारण ५०० मिली डायलिसेट (रक्तातली घाण ओढून घेणारं क्षार मिसळलेलं पाणी) जातं, म्हणजे चार तासांत १२० लिटर, आणि हे प्रत्येक वेळी. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो, तेही पोटातून जातं, आतडी काय घ्यायचं काय नाही ते बघतात. इथे १२० लिटर पाणी आणि माणसाचं रक्त ह्यांच्या मधे फक्त डायलायझरचा, म्हणजे रक्त गाळणाऱ्या फिल्टरचा, पातळ पडदा. म्हणून "आमच्याकडे आरओचं पाणी आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, घरच्या सिंकखालच्या आरओशी त्याची काही तुलनाच नाही.

आधी बाबा दुसऱ्या एका ठिकाणी जायचे, नाव लिहीत नाही. तिथे रविवारी बंद असायचं आणि सोमवारच्या पहिल्या शिफ्टला मशीन लावून तास-दीड तास झाला की बाबांना हुडहुडी भरायची, दात वाजायचे, दोन ब्लँकेटं घातली तरी थांबायचं नाही, मग ताप, मग बीपी खाली. लगेच एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही रिअ‍ॅक्शन दाबायची इंजेक्शनं द्यायचे, संध्याकाळपर्यंत माणूस बरा. आम्हाला सांगायचे कॅथेटरचं (शिरेत घातलेल्या नळीचं) इन्फेक्शन असेल, पण बाबांना तेव्हा फिश्चुला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली हातातली शीर) झालेला होता, कॅथेटर काढून टाकलेला! आणि त्याच शिफ्टमधल्या आणखी दोघांनाही तसंच होत होतं. एकाच शिफ्टमधे दोघा-तिघांना मशीनवर घेतल्यावरच थंडी भरते तेव्हा पहिला संशय पाण्यावर घ्यायचा असतो आणि रक्तात जंतू आहेत का ते बघायला ब्लड कल्चर पाठवायचं असतं, तिथे दोन्ही झालं नाही. आरओची टाकी गच्चीवर उन्हात, काढून टाकलेल्या मशीनचे पाईप नुसते टोपण लावून ठेवलेले, रविवारभर त्यात पाणी उभं. ते बघितलं आणि आम्ही सेंटर बदललं.

आता हे कशामुळे होतं ते सांगते, कारण इथल्या टेक्निशियन भाईंनी मला उभं राहून समजावलं आणि मग मी स्वतःही वाचलं. आपल्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी आजवा सरोवर, महीच्या फ्रेंच वेल आणि नर्मदा कॅनॉलचं, त्यात क्लोरीन असतं, ते प्यायला चांगलं पण रक्ताला नाही, क्लोरीन आणि क्लोरामिनने लाल पेशी फुटतात. म्हणून आरओच्या आधी कार्बनच्या टाक्या असतात, दोन, एकामागे एक, त्या क्लोरीन काढून घेतात. पण क्लोरीन गेलं म्हणजे जंतूंना अडवणारंही गेलं, त्यामुळे त्या कार्बनमधे, सॉफ्टनरमधे (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या टाकीत), पुढे पाईपच्या आतून बुळबुळीत थर धरतो, बायोफिल्म म्हणतात त्याला, आणि एकदा धरला की नुसतं औषध फिरवून सहज निघत नाही. सुडोमोनाससारखे जंतू असल्या, खायला जवळजवळ काहीच नसलेल्या पाण्यातही वाढतात. यूव्ही लावलाय सांगतात ना, यूव्हीने जंतू मरतात, पण मेलेल्या जंतूंच्या आवरणाचे तुकडे पाण्यातच राहतात, त्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात, ते पाणी उकळूनही जात नाही. जंतू अख्खा डायलायझरच्या पडद्यातून जात नाही पण हे तुकडे जाऊ शकतात, हाय फ्लक्स (मोठ्या छिद्रांचा) डायलायझर असेल तर जास्तच. थंडी-ताप त्यानेच येतो. आणि थोडं थोडं जात राहिलं तर थंडी येतही नाही, आतल्या आत सूज राहते, एचबी (हिमोग्लोबिन) वाढत नाही, रक्त वाढवायच्या इंजेक्शनचा डोस वाढवत बसतात. एचबी न वाढायला दुसरी कारणंही असतात, पण पाण्याचं कोणी विचारतच नाही.

तर हे सेंटर. पहिल्या दिवशी मी आरओ रूम बघायची आहे म्हटलं, मला वाटलं टाळतील, तर भाई म्हणाले "आवो ने बेन, जोई लो" आणि दार उघडलं. शुद्ध पाण्याची साठवणीची टाकीच नाही, आरओमधून पाणी थेट लूपमधे, म्हणजे सगळ्या मशीनना पाणी पुरवणाऱ्या गोल पाईपलाईनमधे, जातं आणि फिरून परत येतं, कुठे उभं राहत नाही, बंद टोकाचा पाईप एकही दिसला नाही. लूप स्टीलचा, त्याला आठवड्यातून एकदा रात्री ८० अंशाच्या वर गरम पाणी फिरवतात. प्रत्येक शिफ्टच्या आधी पहिल्या कार्बन टाकीनंतर क्लोरीन तपासून वहीत सही, लिटरला ०.१ मिलीग्रामच्या वर असेल तर शिफ्ट लावत नाहीत. बायकार्बचे (डायलिसेटमधे मिसळायच्या सोड्याच्या पाण्याचे) कॅन हा सगळे विसरतात असा भाग, बायकार्बच्या पाण्यात जंतू मजेत वाढतात, इथे रोज ताजं करतात, उरलेलं ओततात आणि कॅन आरओच्या पाण्याने धुऊन उलटे वाळत ठेवतात, मी स्वतः पाहिलंय. डायलायझर रीयूज करतात, पण त्यावर पेशंटचं नाव आणि कितव्यांदा वापरतोय ते असतं आणि जंतू मारायचं औषध पूर्ण धुतलं गेलं का ते पट्टीने आपल्यासमोर बघतात.

पाण्याच्या कल्चरचा (पाण्यातले जंतू वाढवून त्यांच्या कॉलनी म्हणजे ठिपके मोजायच्या तपासणीचा) रिपोर्ट दर महिन्याला बोर्डावर. आकडे लक्षात ठेवा, सध्याच्या आयएसओ स्टँडर्डप्रमाणे डायलिसिसच्या पाण्यात मिलीला १०० पेक्षा कमी कॉलनी पाहिजेत आणि ५० झाल्या की हालचाल सुरू करायची, एंडोटॉक्सिन मिलीला ०.२५ युनिटच्या (ईयू) खाली आणि ०.१२५ ला हालचाल. मागच्या पावसाळ्यात एका रिपोर्टमधे आकडा ५० च्या वर गेला, १०० च्या आतच होता, त्यांना गप्प बसता आलं असतं. त्यांनी बोर्डावर लाल पेनाने लिहिलं, लूप डिसइन्फेक्ट केला, परत सॅम्पल पाठवलं आणि दुसरा रिपोर्ट पहिल्याच्या शेजारी लावला, पहिला काढला नाही. चार स्टार मुख्यतः ह्यासाठी. २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्रीला पूर आला तेव्हाही खालची कच्च्या पाण्याची टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय मशीन सुरू केली नाहीत, लोक चिडले, रिसेप्शनवर भांडणं झाली, तरी नाही. बरोबर केलं. १९९६ साली ब्राझीलमधे कारुआरू गावात डायलिसिसच्या पाण्यात शेवाळासारख्या जंतूंचं विष आलं आणि ५० च्या आसपास पेशंट गेले, तिथे पाणी टँकरचं होतं आणि ते नीट शुद्ध झालं नव्हतं.

एक स्टार का कापला. कल्चर ३५ डिग्रीला ४८ तास ठेवतात, ते स्टँडर्डमधे चालतं, पण पाण्यातले बरेच जंतू हळू आणि गारव्यात वाढतात, आर-टू-ए (जंतू वाढवायचं एक माध्यम) वर १७ ते २३ डिग्रीला सात दिवस ठेवलं तर जास्त दिसतात, हे मी इन्चार्जना लिहून दिलंय, बघतो म्हणालेत. एंडोटॉक्सिन तीन महिन्यांनी करतात, दर महिन्याला करायला पाहिजे, खर्चिक आहे पण करा. रिपोर्टवर सॅम्पल कुठून घेतलं ते कधीकधी लिहिलेलं नसतं, लूपच्या शेवटून घेतलं का आणि डिसइन्फेक्शनच्या आधी घेतलं का हे लिहिलंच पाहिजे, नंतर घेतलं तर कुणाचाही रिपोर्ट चांगला येईल. बाकी एसी फार गार, शाल घेऊन जा, पार्किंग नाही, आयुष्मान कार्ड चालतं पण कागदपत्रांना पहिल्या दिवशी वेळ लागतो.

आरओ रूम बघायची असेल तर दुपारच्या शिफ्टच्या आधी जा, सकाळी भाई मशीन लावण्यात असतात. लॉगबुक मागा, आधीच्या तीन महिन्यांचे रिपोर्ट मागा, देतात. फोटो काढू देत नाहीत, वहीत उतरवून घ्या.