दोगो ओन्सेन: 700 येनचं तिकीट, आईचा परकर आणि सोमवारचा वर्ग

दोगो ओन्सेन म्हणजे जपानमधलं नैसर्गिक गरम पाण्याच्या झऱ्यांचं सार्वजनिक स्नानगृह. तिथलं तिकीट कुठलं घ्यायचं एवढंच हवं असेल तर आधीच सांगते, सगळ्यात स्वस्तातलं घ्या. मोठ्या माणसाला 700 येन, तळमजल्यावरचं 'कामी-नो-यू' हे स्नानगृह, मुदत एक तास. वरच्या मजल्यांची तिकिटं कोणासाठी, ते पुढे येईलच.

मी जपानमधल्या मात्सुयामा शहरात एका शाळेत इंग्रजी शिकवते. आठवडाभर 'आय लाइक सॉकर' ऐकून कान किटले की शनिवारी पहाटे सायकल काढते आणि दोगोला जाते. शहराच्या पूर्वेला, ट्राम जिथे संपते तिथे हे ओन्सेन आहे. आताची मुख्य इमारत 1894 सालची, तीन मजली, लाकडी. एकावर एक छपरं, आणि सगळ्यात वर लाल काचांची एक छोटी खोली. तिच्यात ढोल टांगलेला आहे. सकाळी सहाला तो वाजतो आणि दार उघडतं. दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहालाही वाजतो, पण तेव्हा रस्त्यावर फोटोवाल्यांची जत्रा असते. खरी मजा पहाटेची. रांगेत शेजारपाजारच्या आज्या, हातात साबण-शॅम्पूची प्लास्टिकची टोपली, आणि वर ढोल. 2019 पासून इमारतीची दुरुस्ती सुरू होती, ती संपून जुलै 2024 मध्ये सगळी वास्तू पुन्हा खुली झाली. लाकूड जुनंच राहिलंय, घासूनपुसून लखलखीत केलंय.

आता आत काय होतं ते, कारण आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येक बाईचा पहिला प्रश्न हाच असतो. हो, अंगावर काहीही ठेवायचं नाही. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. बुटक्या स्टुलावर बसून आधी साबण लावून स्वच्छ अंघोळ उरकायची, साबणाचा कणही उरता कामा नये, आणि मगच कुंडात उतरायचं. म्हणजे कुंड अंघोळीसाठी नाहीच, अंघोळ झाल्यावर नुसतं बसायला आहे. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. बायका त्याची घडी करून डोक्यावर ठेवतात. केस बांधायचे. कोणी कोणाकडे बघत नाही, हे लोक सांगतात ते खरं आहे.

मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. गळ्यापर्यंत पाण्यात बसले होते, तेवढ्यात समोरून "सेन्सेई!" (म्हणजे "बाई!") अशी हाक आली. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी. ती उभी राहिली, पाणी निथळत असताना कमरेतून रीतसर वाकली, आणि नातवाकडे लक्ष दिल्याबद्दल आभार मानून पुन्हा पाण्यात बसली. पालकसभेत जेवढी वाकते तेवढीच, एक अंश कमी नाही. मीही उठले आणि वाकले. दुसरं काय करणार! कपडे गेले तरी शिष्टाचार जागच्या जागी, हे मला कुठल्या पुस्तकात वाचून कळलं नसतं.

पाण्याबद्दल थोडं. गंधकाचा वास अजिबात नाही. पाणी किंचित अल्कधर्मी आहे, हातावर हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. इथे बरेच झरे आहेत, कुठल्याचं पाणी 20 अंश तर कुठल्याचं 55 अंश. ते एकमेकांत मिसळूनच 42 अंशांच्या आसपास आणतात. वरून तापवत नाहीत, साधं पाणीही घालत नाहीत. कुंड दगडी आणि खोल आहे, बसलं की पाणी थेट गळ्याशी. भिंतीवर जवळच्या तोबे गावच्या चिनी मातीच्या फरशा, पांढऱ्यावर निळी चित्रं. पंधरा मिनिटांत माझा चेहरा टोमॅटो होतो, त्यामुळे तासाच्या मुदतीबद्दल तक्रार नाही. एक मात्र लिहून ठेवते: कामी-नो-यूमध्ये पुरुषांच्या बाजूला दोन कुंडं आहेत, बायकांच्या बाजूला एक. पुरुषांना इतकं काय धुवायचं असतं, देव जाणे.

'बोच्चान, पोहू नकोस' अशी प्रसिद्ध पाटीही पुरुषांच्याच बाजूला आहे. तिची गोष्ट आम्हा मास्तरलोकांची आहे, म्हणून सांगते. नात्सुमे सोसेकी हा जपानी लेखक 1895 मध्ये इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आला, वर्षभराने निघून गेला, आणि 1906 मध्ये त्याने 'बोच्चान' ही कादंबरी लिहिली. तिच्यातला तरुण मास्तर तोक्योहून खेड्यात येतो, गावाला आणि गावकऱ्यांना मनसोक्त नावं ठेवतो, आणि रोज ओन्सेनात जाऊन कोणी नसलं की पोहतो. पोरं त्याच्यावर पाळत ठेवतात. त्याने दांगो (पिठाचे गोड गोळे) खाल्ले की दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'दांगो दोन बशा, सात सेन' (सेन म्हणजे तेव्हाचं सुटं नाणं) लिहिलेलं असतं. एवढी टिंगल करणाऱ्या माणसावर कुठलंही गाव रुसलं असतं. या गावाने त्याच्या नायकाच्या नावाने ट्राम काढली, घड्याळ उभारलं आणि दांगोही विकायला काढले. माझ्या बाबतीत फळ्यावर काही आलं नाही, पण सोमवारी त्या आजीचा नातू उभा राहिला: "सॅटर्डे. ओन्सेन. यू. माय ग्रँडमदर. व्हेरी हॉट!" वर्गात आपण होऊन तो इतकं इंग्रजी कधीच बोलला नव्हता. पूर्ण गुण दिले.

वरच्या मजल्यांचं कळलं ते आई आली तेव्हा. कामी-नो-यूचं दुसऱ्या मजल्याचं तिकीट 1,300 येनचं आहे. त्यात युकाता म्हणजे सुती किमोनो मिळतो आणि अंघोळीनंतर ताताम्यांच्या (गवती चटयांच्या) मोठ्या दालनात पाय पसरून चहा आणि तांदळाची कुरकुरीत चकती मिळते. सगळ्या बाजूंनी उघडं, वारा छान. पाहुण्यांना हेच द्या. तिसऱ्या मजल्यावर स्वतंत्र खोल्या आहेत, तिकीट आणखी महाग, आणि चहाबरोबर दांगो. राजघराण्यासाठी 1899 मध्ये बांधलेलं स्नानगृह याच इमारतीत आहे. ते फक्त बघायचं, वेगळे पैसे भरून. वास्तुकलेची आवड असेल तर जरूर जा, नाहीतर सोडलं तरी चालेल.

आईचा प्रश्न मात्र मूलभूत होता. "परकर घालून चालेल का गं, विचार तरी." विचारायची गरजच नव्हती, चालणार नाही. "मग मी बाहेर बसते, तू ये जाऊन." इतक्या लांब येऊन बाहेर बसणार? तेव्हा कामी आली शेजारची 'आसुका-नो-यू' ही 2017 साली उघडलेली नवी इमारत. तिथलं मोठं कुंडही बिनकपड्याचंच आहे, पण वरच्या मजल्यावर राजघराण्याच्या स्नानगृहाच्या धर्तीवर केलेल्या दोन खासगी खोल्या आहेत, आणि तिथे अंगात 'युचो' नावाचा पातळ झगा घालून पाण्यात उतरता येतं. पूर्वी थोरामोठ्यांची अंघोळ अशीच असे. झगा बघून आई म्हणाली, "हे बघ, यांच्याकडे पण परकर होताच की!" पुढचा सगळा वेळ तिने पाण्यातून मला हलू दिलं नाही. हा प्रकार स्वस्त नाही, खोल्याही दोनच, म्हणून आधी विचारून ठेवा. सासूला, आईला, आत्याला घेऊन येणार असाल तर माझ्या मते सगळ्या दोगोत पैसे घालवण्यासारखी जागा ही. आणि तेही नको असेल तर ट्रामच्या स्टेशनसमोर पाय बुडवून बसायचं कुंड आहे, फुकट. घड्याळ शेजारीच आहे. तासाला ते उंच होतं आणि आतून कादंबरीतली पात्रं बाहेर येतात. लहान मुलं खूश, आईसुद्धा.

खाण्याचं थोडक्यात. स्टेशनपासून ओन्सेनपर्यंत झाकलेला बाजार आहे. बोच्चान दांगो म्हणजे एका काडीवर तीन रंगांचे गोळे: हिरवा माच्चाचा (हिरव्या चहाच्या पुडीचा), पिवळा अंड्याचा, तांबडा आझुकीचा (लाल कडधान्याचा). अंडं न खाणाऱ्यांनी मधला दुसऱ्याला द्यावा (आमच्याकडे तो माझ्या वाट्याला आला). 'जाकोतेन' वड्यासारखा दिसतो म्हणून हात घालू नका, तो मासा आहे. उदोनच्या (जाड शेवयांच्या) रश्शातही बहुधा मासा असतोच, भाज्या दिसल्या म्हणून फसू नये. शाकाहारी माणसाने मिकान संत्र्यांचा रस प्यावा, एहिमे प्रांत त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

हिरोशिमाला जाणार असाल तर तिथून वेगवान बोटीने मात्सुयामा सव्वा तासाच्या आसपास. आपले लोक हिरोशिमा बघून परत फिरतात, तसं करू नका, एक रात्र इथे काढा. शनिवारी संध्याकाळी गर्दीत जाण्यापेक्षा रात्री उशिरा जा, अकरापर्यंत उघडं असतं, आत मात्र साडेदहाच्या आधी शिरा. ट्राम स्टेशनवर वाफेच्या इंजिनासारखं दिसणारं बोच्चान गाडीचं इंजिन उभं दिसलं तर थांबा: ते डिझेलवर चालतं, आणि शेवटच्या थांब्यावर गणवेशातले कर्मचारी ते जॅकवर उचलून हाताने ढकलत फिरवतात. बघायला पैसे पडत नाहीत.