तुला पाहते रे : लग्नापर्यंत बघा, पुढचं राहू द्या

स्पॉयलर आहेत, आधीच सांगते. पण मालिका 2019 लाच संपलीये, त्यामुळे आता कोणी ओरडू नका.

ओटीटीवर परत सलग बघायला घेतली होती, कारण तेव्हा रोज साडेआठला तुकड्यातुकड्यात बघताना राग नक्की कशाचा येत होता ते धड कळलंच नव्हतं, नुसती चिडचिड व्हायची. लांबवली म्हणून तर मी रडतच नाहीये. ऑगस्ट 2018 ला झी मराठीवर सुरू झाली आणि जुलै 2019 ला संपलीसुद्धा, म्हणजे वर्षाच्या आत खेळ खल्लास. मराठीत हे कौतुकच आहे हो. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं बाळंतपण काही केल्या होईना म्हणून अख्खा महाराष्ट्र व्हॉट्सअॅपवर जोक फॉरवर्ड करत बसलेला आठवतंय ना? आणि 'माझ्या नवऱ्याची बायको'तले राधिका-गुरुनाथ-शनाया 2016 ते 2021, मधे शनाया बदलली, मग पहिली शनाया परत आली, तरी चालूच. त्या मानाने ही मालिका आटोपशीर. माझं भांडण वेगळंच आहे.

आधी चांगलं सांगते. सुबोध भावे. बस. विक्रांत सरंजामे जे हळू आवाजात बोलायचा, वाक्य अर्धं सोडून समोरच्याकडे बघायचा, त्यावर निम्म्या सोसायटीतल्या बायका फिदा होत्या आणि मी पण त्यातलीच. त्यात 2018 च्या दिवाळीत थेटरात भावेंचा 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' सिनेमा लागलेला, म्हणजे बाहेर घाणेकरांचा गाजलेला लाल्या आणि घरी विक्रांत, माणूस चोवीस तास डोळ्यासमोर. नायिकेची, म्हणजे ईशाची आई गार्गी फुलेंनी केली होती, तीही मस्त. पोरीच्या काळजीने जीव टांगणीला लागलेली आई कशी दिसते ते तिने दाखवलं, आवाज चढला तरी खोटं वाटत नव्हतं. ईशा झालेल्या गायत्री दातारची ही पहिलीच मालिका, तिच्यावर मी फार बोलणार नाही, तिला जे लिहून दिलं ते तिने केलं. प्रॉब्लेम लिहून दिलेल्याचाच आहे.

कॉलेजात शिकणारी पोरगी आणि तिच्या दुप्पट वयाचा उद्योगपती. हे असू शकत नाही असं माझं म्हणणं नाही, आजूबाजूला असतातच अशी जोडपी. पण मग मला पटवा ना. तिला त्याचं काय आवडलं? तो श्रीमंत आहे, सभ्य आहे आणि सुबोध भावे आहे. याच्यापुढे काही आहे का? दोघं कशावर वाद घालतात, तिला त्याची कुठली सवय खटकते, त्याच्या वयाची अडचण तिला स्वतःला कधी जाणवते का (आईबाबांना आणि चाळीला नव्हे, तिला), हे मी सलग बघताना शोधत होते. जे मिळालं ते असं : तो येतो, ती गडबडते, हातातलं काहीतरी पडतं, तो उचलून देतो, वारा सुटतो, मागे टायटल साँगची धून, आणि दोघं एकमेकांकडे बघतात, इतका वेळ बघतात की मी उठून गॅस बारीक करून आले तरी बघतच होते. कॉलेजातल्या मुलीला हा असा साहेब आवडेल, क्रश वगैरे, ते मान्य आहे. पण त्या क्रशचं लग्नात रूपांतर होताना मधे जे काही घडायला हवं ते घडलंच नाही, डायरेक्ट जानेवारीत शाही लग्न, दागिने, साड्या, प्रोमोवर प्रोमो.

आणि मग ट्विस्ट. विक्रांत हा मुळात गजा पाटील, पहिल्या बायकोच्या, राजनंदिनीच्या संपत्तीसाठी त्याने काय काय केलं ते हळूहळू बाहेर येतं. खरं सांगू, इथे मी टाळ्या वाजवलेल्या. प्राइम टाइमचा लाडका हिरो चक्क व्हिलन निघतो, ही हिंमत कोण करतं? आणि मागचं सगळं एकदम पटायला लागलं, तो इतका परफेक्ट का वागायचा, तर नाटक करत होता म्हणून! म्हटलं वा, लेखकाने आपल्याला पण ईशासारखंच गंडवलं. आता ही पोरगी काय करते ते बघायचं. ज्याच्यासाठी आईबापाशी वाकडं घेतलं तो नवरा असा निघाला, त्या बंगल्यात ती एकटी, बोलायचं कोणाशी, माहेरी कुठल्या तोंडाने जायचं, आणि इतकं होऊन पण सकाळी तो समोर आला की पोटात काय होतं. केवढं मोठं मटेरियल होतं हे.

तर नाही. ईशा म्हणजे राजनंदिनीचा पुनर्जन्म.

झालं. सगळ्या आमटीत एका फटक्यात बादलीभर पाणी. कारण आता राग ईशाचा नाहीच, राग राजनंदिनीचा. बदला तिचा, आठवणी तिच्या, फ्लॅशबॅक तिचे. शिल्पा तुळसकरने राजनंदिनी इतकी छान केली की चार दिवसांत ती ईशापेक्षा जास्त खरी वाटायला लागली, आणि विक्रांत-राजनंदिनीच्या सीनमध्ये जी थोडी ओढ दिसली तेवढी मुख्य जोडीत आख्ख्या वर्षात दिसली नाही. मग ईशा उरली कुठे? प्रेम केलं तेव्हा ती भुललेली होती आणि सूड घेतला तेव्हा ती दुसरीच कोणीतरी होती. स्वतःच्या बुद्धीने तिने कधी काय ठरवलं? आणि ते प्रेम गेलं कुठे? काल नवऱ्यासाठी जीव टाकणारी आज थंड डोक्याने डाव रचते, मधली एक रडकी रात्र मला तरी दिसली नाही. शेवट बघताना विक्रांतचं पुढे काय होतंय याचं ना दुःख ना समाधान, फक्त एकदाचं संपलं असं वाटलं.

हे असं का होतं ते आता सगळ्यांनाच माहितीये. दर गुरुवारी बार्कचे टीआरपीचे आकडे येतात, रोजचा एपिसोड शूट होतोय, आधी शूट करून ठेवलेले मोजकेच भाग शिल्लक, अशात लेखकाला नात्याचा बारीक विचार करायला वेळ कुठला. धक्का दिला की आकडा हलतो, मन बदलताना दाखवलं की हलत नाही, असा हिशोब असणार. तोच धक्का तीन अँगलने, तीन वेळा, ढॅण ढॅण करून. पण मग 2012 ची एका लग्नाची दुसरी गोष्ट पण डेली सोपच होती की! घना आणि राधा खोटं खोटं लग्न करतात आणि भांडता भांडता खरे प्रेमात पडतात, गोष्ट एवढीशी, आणि काही महिन्यांत संपवली. त्यात राधा चिडली की का चिडली ते कळायचं. सतीश राजवाडेंना जमलं ते बाकीच्यांना जमत नाही असं कसं.

गंमत म्हणजे ह्याच तुला पाहते रेचे कन्नड, तेलुगू रिमेक झाले आणि ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चालले. कन्नडमध्ये तर मधेच हिरोचा नट बदलला तरी मालिका चालूच राहिली. म्हणजे मालिकावाल्यांच्या दृष्टीने यात काही चुकलंच नाहीये, बोंबलत बसलेय ती मीच.

तर रेटिंग. लग्नापर्यंत 5 पैकी साडेतीन, त्यातले तीन भावेंचे. राजनंदिनीच्या फ्लॅशबॅकला 4. शेवटाला 1, तो पण गार्गी फुलेंसाठी. ज्यांना फक्त रोमान्स हवाय त्यांनी लग्नाच्या महाएपिसोडनंतर अॅप बंद करावं. सासूबाईंनी नेमकं तेच केलं, लग्न बघून त्या गावाला गेल्या ते पावसाळ्यातच परत आल्या, आणि अजून त्यांच्या मते विक्रांतसारखा जावई मिळायला नशीब लागतं. मी काही सांगितलेलं नाही.