इंटरचेंजेबल सुयांचा सेट: आठ महिने, चार केबल, तीन अर्धवट कामं

गेल्या भाऊबीजेला भावाने पाकीट दिलं आणि वर बजावलं, "साडी घेऊ नकोस, कपाट आधीच फुटायला आलंय." म्हणून त्यात थोडी भर घालून मी लाकडी टोकांचा इंटरचेंजेबल सुयांचा सेट मागवला. साडेचार हजारांच्या आसपास गेले. आईला आकडा सांगितला नाही. तिच्या सुयांची आख्खी पिशवी एवढ्यात पाच वेळा आली असती आणि ती पिशवी चाळीस वर्षं चालली आहे. आता आठ महिने झाले. रोजचा वापर झाला, दोन वस्तू पुऱ्या झाल्या, तीन अडकल्या. आता लिहायला हरकत नाही.

कंपनीचं नाव घालत नाही, कारण यातलं बरंचसं या प्रकारच्या कुठल्याही सेटला लागू पडेल.

ज्यांनी हा प्रकार हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुयांची दोन टोकं एका लवचीक केबलने जोडायची, आणि टोकं व केबल हवी तशी बदलायची. डब्यात ३.५ ते ८ मिमीपर्यंतच्या टोकांच्या आठ जोड्या आहेत. प्रत्येक टोक साधारण १२ सेंटिमीटर लांब, मागे पितळी आटे. चार केबल, त्या घट्ट पिळायला टाचणीएवढी किल्ली आणि केबलच्या तोंडाला लावायची टोपणं. केबलच्या पाकिटावर ६०, ८०, १०० असं लिहिलेलं असतं ती लांबी टोकं जोडल्यानंतरची. मला हे माहीत नव्हतं. '८०'ची केबल पट्टीने मोजली तर ५६ भरली, आणि मी तक्रार टाइप करायलाही बसले होते. नशीब, पाठवायच्या आधी टोकं जोडून पाहिली.

घेतला का, तर लोकलमुळे. मी डोंबिवलीहून सीएसएमटीला जाते. येताना बसायला मिळालं तर तासभर हात रिकामे असतात. लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका असतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. पण चौदा इंची ॲल्युमिनियमच्या दोन सुया घेऊन तिघींच्या बाकावर चौथी म्हणून दाटीने बसून बघा. प्रत्येक सुलट टाक्याला उजवा कोपर शेजारणीच्या बरगडीत. एकदा एक काकू म्हणाल्या, "अहो, स्वेटर तुमच्या घरच्यांचा, भोकं आम्हाला कशाला?" तेव्हापासून ट्रेनमधलं विणकाम बंद होतं.

या सुया मात्र हातातल्या हातात राहतात. विणलेल्या कापडाचं वजन केबलवर पडतं, मांडीवर येऊन बसतं. मनगटाला सुईच्या टोकाशी लोंबणारी आख्खी पाठ उचलावी लागत नाही. स्वेटर अर्ध्याच्या पुढे गेला की माझा उजवा अंगठा दुखायचा, ते जवळजवळ थांबलं. वेग वाढला का? नाही. आईचा वेग माझ्यापेक्षा आजही दुप्पट आहे, त्याच जुन्या सुयांवर, टीव्हीकडे बघत.

आता पहिली फसगत. सुयांचे नंबर. आपल्याकडे आईच्या पिढीचा सगळा हिशोब जुन्या इंग्लिश नंबरांत. बाळाचा स्वेटर म्हणजे बॉर्डर बारा नंबरवर आणि अंग दहा नंबरवर, हे मला पाढ्यांसारखं पाठ. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. सेटवर मिलिमीटर लिहिले आहेत आणि शेजारी अमेरिकन नंबर. अमेरिकेत नेमकं उलटं, नंबर वाढला की सुई जाड. दहाच्या बाबतीत घोळ होत नाही, कारण आपली दहा म्हणजे ३.२५ मिमी आणि त्यांची दहा म्हणजे ६ मिमी. डोळे मिटूनही फरक कळेल. घात करते ती आठ. आपली आठ ४ मिमी, त्यांची आठ ५ मिमी. मुलीच्या मफलरला मी '८' बघून टोकं लावली आणि वीतभर विणल्यावर मफलर गाळणीसारखा दिसायला लागला. उसवला. सात नंबर तेवढा दोन्हीकडे ४.५ मिमीच आहे. आता मी टोकांवरच्या अमेरिकन नंबरांकडे बघतच नाही, मिलिमीटर वाचते. आईच्या वहीत प्रत्येक नमुन्याशेजारी पेन्सिलीने मिलिमीटर लिहून ठेवलेत. तिला ते आवडलेलं नाही.

दुसरी फसगत जास्त महागात पडली, आणि दोष सुयांचा नव्हता. नवऱ्याच्या स्वेटरची पाठ मी आधीच ॲल्युमिनियमच्या आठ नंबरवर विणून ठेवली होती. १०६ टाके, रुंदी ४८ सेंटिमीटर. सेट आल्यावर उत्साहाने पुढचा भाग लाकडी ४ मिमीवर सुरू केला. तीच लोकर, तेवढेच टाके, मिमीही तेवढेच. काखेपर्यंत आल्यावर पाठीवर ठेवून बघितला तर दोन सेंटिमीटरनी अरुंद. लाकडावर लोकर थोडी धरून ठेवली जाते, घसरत नाही, आणि माझा हात आपोआप आवळून विणतो. ॲल्युमिनियमवर १० सेंटिमीटरमध्ये माझे २२ टाके बसतात, लाकडावर २३. एका टाक्याने काय होतंय असं वाटतं. एका भागात मात्र दोन सेंटिमीटर गेले, दोन्ही भाग लाकडावर असते तर पूर्ण घेरात चार गेले असते, आणि नवऱ्याचं पोट काही माझ्या टाक्यांसाठी थांबलेलं नाही. पुढचा भाग आख्खा उसवला. कुणाचा हात लाकडावर सैलही पडत असेल, म्हणून सुया बदलल्या की तळहाताएवढा नमुना विणून मोजा, आणि एक वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच प्रकारच्या सुयांवर करा. हे मला आईने वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हा ती दुसऱ्याच कशाबद्दल बोलतेय असं वाटलं होतं.

पावसाळ्यात लाकूड थोडं त्रास देतं. हाताला घाम, हवेत ओल आणि ॲक्रिलिकची लोकर, म्हणजे टाके सुईवरून ढकलावे लागतात. आईचा उपाय केसांतून सुई फिरवायचा. सकाळी तेल लावलेलं असेल तर तो उत्तम चालतो. ऑफिसला जाताना मी तेल लावत नाही, म्हणून मेणबत्ती जुन्या रुमालावर घासून त्याने टोकं पुसते. महिनाभर पुरतं. लाकडाचं एक बरं की बोटं काळी होत नाहीत. पांढरी लोकर जुन्या ॲल्युमिनियमवर विणली असेल त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

त्या जुन्या सुयांना नावं ठेवणं मात्र माझ्याने होणार नाही. आईच्या पिशवीतल्या पोनी छापाच्या सुया निलगिरीतल्या केटीच्या 'नीडल इंडस्ट्रीज' या कारखान्यातल्या आहेत हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. कळलं ते भाच्यामुळे. तो कंपनी सेक्रेटरीचा अभ्यास करतो. दुपारी मोठ्याने घोकत होता, "नीडल इंडस्ट्रीज विरुद्ध नीडल इंडस्ट्रीज न्यूई, १९८१, सर्वोच्च न्यायालय." भागधारकांवरच्या अन्यायाचा खटला, त्यांच्या अभ्यासक्रमात असतो म्हणे. मी विचारलं, "नीडल म्हणजे कसली रे?" त्याने पुस्तकातून मान वर न करता सांगितलं, "सुया गं मामी, अजून कसल्या?" ज्या सुयांवर माझं पहिलं टोपरं झालं त्यांच्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं होतं, हे ऐकून आईला फार बरं वाटलं.

आता सेटचा खरा दोष. आटे. विणताना हात एका बाजूला हलकासा पिळत असतो आणि किल्लीने नीट आवळलं नसेल तर टोक हळूहळू सुटतं. आधी फट पडते, त्यात टाका अडकतो, तुम्ही जोर लावता आणि टोक हातात येतं. मावशीच्या शालीवर हे झालं. ५ मिमीची टोकं, जाळीची वीण, सव्वादोनशे टाके. ठाणे गेलं होतं, गाडीने धक्का दिला आणि चाळीसएक टाके केबलवरून खाली. साधी वीण असती तर उचलले असते. जाळीत कुठला टाका वाढवलेला आणि कुठला दोन मिळून एक केलेला, हे चालत्या गाडीत कोण शोधणार? समोरची कॉलेजची मुलगी स्वतःहून ओणवी झाली आणि मोबाइलचा टॉर्च धरून उभी राहिली. डोंबिवली येईपर्यंत अकरा टाके पकडले. बाकी घरी, रात्री साडेबाराला.

त्यानंतर दोन सवयी लागल्या. रोज गाडीत बसल्यावर पहिल्यांदा किल्ली लावून दोन्ही टोकं आवळायची. आणि दर दहा ओळींनी टाक्यांतून धागा ओवून ठेवायचा, म्हणजे काही झालं तरी तिथपर्यंतच उसवतं. हा धागा ओवायला या सुयांवर वेगळी सुई लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं. किल्लीसाठी जे बारीक भोक असतं त्यातच दुसऱ्या रंगाचा दोरा अडकवायचा आणि ओळ विणत जायची. केबल पुढे सरकते तसा दोरा आपोआप सगळ्या टाक्यांतून जातो. माहितीपत्रकात यावर एक शब्द नाही. खरं तर हीच या सेटची सगळ्यात हुशार गोष्ट आहे.

एका टोकाचा जोड मुळातच खरखरीत निघाला होता, लोकर तिथे ओढली जायची. विकणाऱ्याने बदलून दिलं, पण चार मेल आणि तीन आठवडे गेले. आल्या आल्या प्रत्येक जोडावरून नख फिरवून बघा. केबल गुंडाळीतून निघाल्यावर स्प्रिंगसारख्या वळलेल्या असतात. गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ ओढून धरल्या की शहाण्यासारख्या वागतात.

आणि ज्या कारणासाठी आपल्याकडच्या बहुतेक बायका सुया हातात घेतात, त्यासाठीच हा सेट अपुरा आहे. बाळाची कामं. सगळ्यात बारीक टोक ३.५ मिमी. भाचीच्या मुलीच्या बारशाला जॅकेट करायचं होतं, त्याला लागणार २.७५ आणि ३.२५. म्हणजे पुन्हा आईची पिशवी, बारा नंबर आणि दहा नंबर. पायमोज्यांचंही तेच. उलट ७ आणि ८ मिमीच्या जोड्या डब्यात नवऱ्या मुलीसारख्या नटून बसल्या आहेत, त्यांना साजेशी जाड लोकर माझ्या दुकानदाराकडे येतच नाही. सेट काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर थंड देशातली जाड लोकर असावी. पुन्हा घेतला तर आख्खा सेट घेणार नाही. ३.५, ४, ४.५ आणि ५ या चार जोड्या सुट्या, दोन केबल, आणि उरलेल्या पैशांत ३.२५ची न सुटणारी एक अखंड सर्क्युलर सुई.

पुऱ्या झालेल्या दोन वस्तू म्हणजे मुलीची टोपी आणि मफलर. ती दिल्लीत शिकते. टोपी १०० सेंटिमीटरच्या केबलवर मॅजिक लूपने गोल विणली, म्हणजे केबलचा फास बाजूला काढून अर्धे अर्धे टाके विणत जायचं. पहिले दोन दिवस हात आणि केबल यांचं भांडण चाललं होतं, तिसऱ्या दिवशी जमलं. शिवण नाही. मागे जाडसर रेघ नाही. टोपी उलटी करून बघितली तरी कुठून सुरू झाली ते कळत नाही. मुलीचा निरोप आला, "छान आहे, मैत्रिणीला पण हवी." याहून जास्त कौतुक तिच्याकडून येत नाही.

आता तक्रार, जी विकणाऱ्याकडे करता येणार नाही. आईकडे आठ नंबरची एकच जोडी होती. त्या जोडीवर बाबांचा स्वेटर चढला की तो उतरल्याशिवाय दुसरं काही चढायचं नाही. सुया अडकल्या म्हणून वस्तू पुऱ्या व्हायच्या. माझ्याकडे ती अडचणच राहिली नाही. कंटाळा आला की टोकं काढायची, केबलला टोपणं लावायची, गुंडाळी करून पिशवीत, आणि तीच टोकं नव्या केबलवर. टाके सुखरूप, मन मोकळं. आधी नवऱ्याचा स्वेटर गेला. मग शाल, त्या रात्रीनंतर तिच्याकडे बघवेना म्हणून. मग माझं स्वतःचं, मानेपासून खाली विणत न्यायचं जॅकेट, ते काखेशी येऊन थांबलंय कारण आता उन्हाळा, आता पाऊस. तीन पिशव्या, तीन केबल, कपाटातल्या साड्यांच्या वर. भावाला कळलं तर हसेल.

चौथी केबल मोकळी आहे. काल भाचीचा फोन आला, "मावशी, पहिल्या वाढदिवसाला फ्रॉक करशील?" मी हो म्हटलं, आणि फ्रॉकसाठी ४ मिमीची टोकं काढायला पिशवी उघडली, तर ती नवऱ्याच्या स्वेटरलाच लागलेली. टोपणं शोधत होते तेवढ्यात तो आत आला. पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "थांब. या वेळी आधी माझं माप परत घे."

टेप कुठे ठेवली आहे ते मी अजून शोधतेय.