डिफॉर्मेबल मिरर तपासायचा कशावर: इंटरफेरोमीटर की शॅक-हार्टमन?

डिफॉर्मेबल मिरर म्हणजे व्होल्टेज देऊन आकार बदलता येणारा आरसा. तो लॅबमध्ये येऊन पडलाय आणि तपासणीसाठी पैसे एकाच उपकरणापुरते आहेत, अशांसाठी हे.

इंटरफेरोमीटर प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून पृष्ठभागाचा थेट नकाशा देतो. एका ॲक्च्युएटरला, म्हणजे आरसा मागून हलवणाऱ्या छोट्या दट्ट्याला, व्होल्टेज द्या. आजूबाजूचा पृष्ठभाग किती उचलला गेला ते पिक्सेलगणिक दिसतं. मेलेला ॲक्च्युएटर, शेजाऱ्याला धरून हलणारा, काही लपत नाही. पण नेहमीच्या फेज-शिफ्टिंग प्रकारात (लहर थोडी थोडी सरकवत मोजायचं) एका मापाला अनेक फ्रेम लागतात. तेवढ्यात टेबल थरथरलं की माप गेलं. शिवाय 632.8 नॅनोमीटरच्या लेसरवर लगतच्या दोन पिक्सेलांमध्ये पृष्ठभागाची उंची पाव तरंगलांबीहून, म्हणजे सुमारे 158 नॅनोमीटरहून, जास्त बदलली की हिशेब चुकतो. आरसा पूर्ण ताकदीने ढकलून पाहताना हे हमखास आडवं येतं.

शॅक-हार्टमन हा सेन्सर भिंगांच्या जाळीतून फक्त तरंगाग्राचा, म्हणजे आरशावरून परतलेल्या प्रकाशलहरीच्या आघाडीचा, उतार मोजतो: प्रत्येक भिंग एक ठिपका पाडतं, तो किती सरकला त्यावरून उतार कळतो. एका फ्रेममध्ये काम होतं, कंपनांचा जाच कमी, मोठे उतारही पेलतो. पिएझो आरशाचा हिस्टेरिसिस (त्याच व्होल्टेजला चढताना आणि उतरताना आकार वेगळा येणं) मोजायला व्होल्टेज पुन्हापुन्हा चढवावं-उतरवावं लागतं. तिथे मला हाच सोयीचा वाटतो.

त्याची गोम मात्र वेगळीच आहे. पुण्याची आयुका आणि कॅलटेक यांनी मिळून पालोमारच्या 1.5 मीटर दुर्बिणीसाठी केलेल्या रोबो-एओचं, म्हणजे वातावरणाने थरथरणारी प्रतिमा अशा आरशाने सुधारणाऱ्या यंत्रणेचं, उदाहरण घ्या. आरशावर 12×12 मधले चार कोपरे सोडून 140 ॲक्च्युएटर, सेन्सरमध्ये 11×11 भिंगं. अशा मांडणीत एकेक भिंग चार ॲक्च्युएटरांच्या मधोमध येतं. आता बुद्धिबळाच्या पटासारखे एक वर, एक खाली ढकला. प्रत्येक भिंगापुरता चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात, ठिपके जागचे हलत नाहीत आणि सेन्सर सांगतो, आरसा सपाट! याला वॉफल मोड म्हणतात. दुर्बिणीवर नियंत्रण-गणितातून तो दाबता येतो. तपासणीत तो दिसलाच पाहिजे. म्हणून चाचणीसाठी भिंगांची जाळी दाट घ्या: एका ॲक्च्युएटरमागे प्रत्येक दिशेला निदान तीन भिंगं.

आरसा तुकड्यांचा असेल तर वादच नको. युरोपच्या ईएलटी या महाकाय दुर्बिणीचा एम4 हा आकार बदलणारा आरसा सहा पाकळ्यांचा आहे. दोन पाकळ्यांमधली पायरी उतार मोजून नीट पकडता येत नाही. तिथे इंटरफेरोमीटरच हवा.

अखंड पृष्ठभागाच्या छोट्या आरशासाठी मी दाट जाळीचा शॅक-हार्टमन विकत घेईन, आणि वॉरंटी संपायच्या आत एखाद्या ऑप्टिक्स वर्कशॉपच्या इंटरफेरोमीटरवर एकेक ॲक्च्युएटर हलवून नकाशे काढून ठेवीन.