निमोनिका पाठ करायला बायसिकलचा कॅट

हुआन तामारिझ या स्पॅनिश जादूगाराची निमोनिका, म्हणजे 52 पत्त्यांचा ठरलेला क्रम, पाठ करायला मी बायसिकल या पत्त्यांच्या ब्रँडचा रायडर बॅक (पाठीवर सायकलस्वाराचं चित्र असलेला) कॅट मागवला. पहिली किलवर चौकी, दुसरी बदाम दुर्री, तिसरी चौकट सत्ती. प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने क्रमांक टाकले. कागदी पत्ते शाई छान धरतात. रमीच्या प्लॅस्टिक पत्त्यांवर आकडा बोटाने पुसला जायचा.

पाढ्यासारखं ओळीने म्हणत बसू नका, असं मी कळकळीने सांगेन. कॅट पिसा, आकडा बघून पत्ता सांगा, मग पत्ता बघून आकडा. विश्रामबागेतून मिरजेला जाताना बसमध्ये मी हेच करते. साय स्टेबिन्स या जादूगाराच्या नावाने ओळखला जाणारा दुसरा क्रम सोपा, दर पत्त्याला तीन वाढवायचे. पण त्यात काळे-लाल आलटून पालटून येतात आणि चाणाक्ष माणसाला ते दिसतं. निमोनिका उघडी पसरली तरी पिसलेलीच वाटते.

परवा निमोनिकाच्या क्रमात लावलेल्या कॅटातून मामांनी मधूनच पत्ता ओढला. मी तिथेच कॅट कापला, तळाची बदाम चौकी हळूच पाहिली. ती पाचवी, म्हणजे मामांच्या हातात सहावी: चौकट छक्की! मामा बघतच राहिले. यासाठीच सगळी मेहनत.

उणीव एकच. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या दमट हवेत पत्ते वाकतात, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि प्रयोगासाठी आकडे न टाकलेला दुसरा कॅट सोबतच मागवा.